पॅटी गॅसो

पॅटी गॅसो (जन्म: १९६२) या अमेरिकेतील महिला सॉफ्टबॉल प्रशिक्षक आहेत. १९९५ च्या हंगामापासून त्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक आहेत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २०००, २०१३, २०१६, २०१७, २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४ अशी आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. यांपैकी शेवटची चार सलग आहेत. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये सलग चार वर्षे विजेता ठरलेला हा पहिलाच संघ होय. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर दीड हजारांहून अधिक विजय आहेत.

गॅसो यांच्या कारकिर्दीचा काळ हा अमेरिकेत स्त्रियांच्या महाविद्यालयीन खेळाचे स्वरूप पालटण्याचाही काळ आहे. नगरपालिकेच्या उद्यानातील मैदानावर खेळणारा संघ तीन दशकांत स्वतःच्या भव्य क्रीडांगणापर्यंत पोहोचला. या यशात प्रशिक्षकाचे कौशल्य किती, कायद्याने मिळालेल्या संधीचा वाटा किती आणि पैशाचा किती, हा प्रश्न २०२१ नंतर अधिक चर्चेत आला. सॉफ्टबॉल शालेय व विद्यापीठ स्पर्धांत खेळला जात असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीनेही या प्रश्नाला महत्त्व आहे.

खेळ आणि स्पर्धेची पार्श्वभूमी

सॉफ्टबॉलचा उगम १८८७ मध्ये शिकागो येथे बेसबॉलचा बंदिस्त जागेतील पर्याय म्हणून झाला. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात व सामना सात डावांचा असतो. चेंडूचा परीघ १२ इंच असून तो बेसबॉलच्या चेंडूपेक्षा मोठा असतो. चेंडू फेकणारी खेळाडू म्हणजे पिचर हात खांद्यावरून न आणता खालून फिरवून चेंडू टाकते. महिलांच्या महाविद्यालयीन सामन्यांत पिचर व फलंदाज यांच्यातील अंतर ४३ फूट आणि दोन तळांमधील अंतर ६० फूट असते. अंतर कमी असल्यामुळे फलंदाजाला निर्णयासाठी अत्यंत थोडा वेळ मिळतो. एकच उत्तम पिचर संपूर्ण सामन्यावर, प्रसंगी संपूर्ण स्पर्धेवर, वर्चस्व गाजवू शकते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांची अंतिम स्पर्धा ‘विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज’ या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) महिला सॉफ्टबॉलची अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. १९९० पासून, १९९६ चा अपवाद वगळता, ही अंतिम स्पर्धा ओक्लाहोमा सिटी येथे होते. तिच्यात आठ संघ पोहोचतात. दोन पराभव झालेला संघ बाहेर पडतो आणि अखेरचे दोन संघ तीन सामन्यांच्या मालिकेत विजेतेपदासाठी लढतात.

या विस्तारामागे २३ जून १९७२ रोजी अमलात आलेला ‘टायटल नाइन’ हा कायदा आहे. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. कायद्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेख नाही. परंतु त्याच्या अंमलबजावणीत क्रीडा शिष्यवृत्त्या, मैदाने व प्रशिक्षक यांचाही समावेश झाला. विद्यापीठांना मुलींचे संघ उभारावे लागले आणि सॉफ्टबॉल हा त्या संघांपैकी एक प्रमुख खेळ ठरला. गॅसो त्या वेळी दहा वर्षांच्या होत्या. कायद्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते.

प्रारंभीची वर्षे

गॅसो यांचे बालपण व शिक्षण कॅलिफोर्नियात झाले. एल कॅमिनो कॉलेज आणि त्यानंतर लाँग बीच येथील कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ या संस्थांकडून त्या सॉफ्टबॉल खेळल्या. १९९० ते १९९४ या काळात त्यांनी लाँग बीच सिटी कॉलेज या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयात संघाला प्रशिक्षण दिले. अशा महाविद्यालयांना मोठ्या विद्यापीठांसारखा निधी वा प्रसिद्धी मिळत नाही. तेथील कामगिरीच्या बळावर त्यांची ओक्लाहोमा विद्यापीठात निवड झाली.

त्या नॉर्मन शहरात आल्या तेव्हा विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाला स्वतःचे मैदान नव्हते. संघ शहरातील रीव्हज पार्क या सार्वजनिक उद्यानात खेळत असे. विद्यापीठाच्या आवारातील मैदान १९९८ मध्ये तयार झाले. विद्यापीठातील महिला क्रीडा विभागाच्या प्रशासक मरिटा हाइन्स यांचे नाव त्याला देण्यात आले. त्या काळी महिला सॉफ्टबॉलवर पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांचे, विशेषतः लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसीएलए) व ॲरिझोना यांचे, वर्चस्व होते. वर्षभर खेळण्याजोगे हवामान आणि शालेय स्तरापासून चालणारी मुलींची स्पर्धात्मक चौकट ही त्याची प्रमुख कारणे होती. मध्य अमेरिकेतील ओक्लाहोमा या चित्रात नव्हते.

ओक्लाहोमातील कारकीर्द

पहिले विजेतेपद आणि तेरा वर्षांचा खंड

२००० मध्ये ओक्लाहोमाने अंतिम सामन्यात यूसीएलएचा ३–१ असा पराभव करून सॉफ्टबॉलमधील आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अंतिम आठ संघांत पोहोचण्याची संघाची ही गॅसो यांच्या कार्यकाळातील पहिलीच वेळ होती. त्यानंतर २००४ पर्यंत दरवर्षी संघ या टप्प्यावर पोहोचला. पुढील सहा वर्षे मात्र, २००५ ते २०१०, तो अंतिम आठांत येऊ शकला नाही. दुसरे विजेतेपद यायला एकूण तेरा वर्षे लागली.

गॅसो यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या खंडाकडे सहसा दुर्लक्ष होते. या काळातही संघ दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरत होता आणि विद्यापीठाने प्रशिक्षक बदलला नाही. पुढील यशाचा पाया याच स्थैर्यात आहे.

पुन्हा शिखराकडे

२०११ मध्ये संघ पुन्हा अंतिम आठांत आला. २०१२ मध्ये त्याने अंतिम मालिका गाठली, परंतु अलाबामाकडून तो २–१ असा पराभूत झाला. पुढच्याच वर्षी पिचर केलानी रिकेट्स आणि फलंदाज लॉरेन चेंबरलेन यांच्या कामगिरीच्या जोरावर ओक्लाहोमाने टेनेसीला २–० असे हरवले. २०१६ मध्ये ऑबर्न आणि २०१७ मध्ये फ्लोरिडा या संघांविरुद्ध विजय मिळाले. फ्लोरिडाविरुद्धच्या मालिकेतील पहिला सामना सतरा डावांपर्यंत लांबला होता. २०१९ च्या अंतिम मालिकेत यूसीएलएने ओक्लाहोमाचा पराभव केला. २०२० चा हंगाम कोविड साथीमुळे अर्धवट राहिला.

सलग चार विजेतेपदे

२०२१ च्या अंतिम स्पर्धेची सुरुवात ओक्लाहोमासाठी धक्कादायक होती. जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या तुलनेने अपरिचित संघाने पहिल्याच सामन्यात त्यांना हरवले. एक पराभव पदरी असताना संघाने त्यानंतरचे बाद फेरीचे सर्व सामने जिंकले. फ्लोरिडा स्टेटविरुद्ध अंतिम मालिकेतील पहिला सामना गमावूनही पुढचे दोन जिंकून त्याने विजेतेपद मिळवले.

२०२२ मध्ये हवाईची फलंदाज जॉसलिन ॲलो हिने कारकिर्दीतील होम रनचा राष्ट्रीय विक्रम १२२ वर नेला. आधीचा ९५ होम रनचा विक्रमही ओक्लाहोमाच्याच लॉरेन चेंबरलेन हिच्या नावावर होता. २०२३ चा हंगाम संघाने ६१ विजय व एक पराभव असा संपवला. बेलर विद्यापीठाविरुद्ध फेब्रुवारीत झालेला हा एकमेव पराभव होता. त्यानंतर सुरू झालेली विजयांची मालिका पुढील हंगामातही चालू राहिली आणि ७१ सामन्यांवर जाऊन ३ मार्च २०२४ रोजी लुइझियाना संघाने ती खंडित केली. यापूर्वीचा ४७ विजयांचा विक्रम ॲरिझोनाने १९९६–९७ मध्ये नोंदवला होता.

राष्ट्रीय विजेतेपदे

वर्ष – अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी
२००० – यूसीएलए
२०१३ – टेनेसी
२०१६ – ऑबर्न
२०१७ – फ्लोरिडा
२०२१ – फ्लोरिडा स्टेट
२०२२ – टेक्सास
२०२३ – फ्लोरिडा स्टेट
२०२४ – टेक्सास

यशाची कारणे

ओक्लाहोमाच्या वर्चस्वाची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती परस्परांशी जोडलेली आहेत.

पहिले कारण सातत्य हे होय. एकच मुख्य प्रशिक्षक तीन दशके राहिल्याने प्रशिक्षणाची पद्धत, खेळाडूंची निवड आणि सहायकांची जडणघडण यांत खंड पडला नाही. मेलिसा लोम्बार्डी दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्या सहायक होत्या. २०१८ मध्ये त्या ओरेगन विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पिचिंगसाठी जेन रोचा आणि फलंदाजीसाठी गॅसो यांचे पुत्र जे. टी. गॅसो, अशी कामाची विभागणी पुढील काळात दिसते.

दुसरे कारण फलंदाजीवरील भर हे आहे. सॉफ्टबॉलमध्ये पूर्वी एका असामान्य पिचरभोवती संघ बांधण्याची रीत होती. ओक्लाहोमाच्या २०१३ आणि २०१६ मधील विजयांत रिकेट्स व पेज पार्कर या पिचरांचा वाटा मोठा होता. २०२१ नंतरच्या संघात मात्र फलंदाजीच्या क्रमातील जवळपास प्रत्येक खेळाडू होम रन मारण्यास समर्थ होती आणि पिचिंगचा भार अनेकींत वाटला गेला. एखाद्या पिचरचा दिवस वाईट गेला तरी सामना हातचा जात नसे. २०२२ च्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यातील १६–१ हा निकाल या बदलाचे ठळक उदाहरण आहे.

तिसरे कारण विद्यापीठ बदलण्याच्या नियमांतील शिथिलता हे होय. २०२१ पासून खेळाडूंना एक हंगाम बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाणे शक्य झाले. अन्य संघांतील नामवंत खेळाडू ओक्लाहोमाकडे आल्या. यामुळे गुणवत्ता एकाच संघात एकवटते, अशी टीका झाली. मात्र प्रवाह एकाच दिशेने वाहिला नाही. २०२३ च्या अंतिम स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेली पिचर जॉर्डी बाल हिने त्याच वर्षी ओक्लाहोमा सोडून आपल्या नेब्रास्का राज्यातील विद्यापीठाची निवड केली. तिच्याविना संघाने २०२४ चे विजेतेपद राखले.

समान सुविधांचा प्रश्न

२०२१ च्या मार्चमध्ये महिला बास्केटबॉल स्पर्धेतील व्यायामसाहित्याची पुरुषांच्या स्पर्धेशी तुलना करणारी चित्रफीत प्रसारित झाली आणि एनसीएएवर मोठी टीका झाली. त्याच वर्षीच्या सॉफ्टबॉल स्पर्धेतही हा मुद्दा पुढे आला. पावसामुळे सामने मध्यरात्रीनंतरपर्यंत लांबले. विश्रांतीचे दिवस अपुरे होते आणि क्रीडांगणावर खेळाडूंसाठी स्नानाची सोय नव्हती. पुरुषांच्या बेसबॉल स्पर्धेचे वेळापत्रक मात्र सैल होते. त्या वर्षी सॉफ्टबॉलच्या अंतिम स्पर्धेची दूरचित्रवाणीवरील सरासरी प्रेक्षकसंख्या बेसबॉलपेक्षा अधिक होती. त्यामुळे ‘महिलांचे सामने कोणी पाहत नाही’ हा जुना युक्तिवाद टिकू शकला नाही.

गॅसो यांनी या विषमतेवर जाहीरपणे भाष्य केले. विजेत्या संघाच्या प्रशिक्षकानेच तक्रार केल्याने तिला पराभूताची कुरकूर ठरवणे शक्य नव्हते. त्याच वर्षी एनसीएएने नेमलेल्या विधिसंस्थेच्या अहवालात पुरुष व महिला स्पर्धांतील तफावतींची नोंद झाली. २०२२ पासून सॉफ्टबॉलच्या अंतिम स्पर्धेच्या वेळापत्रकात विश्रांतीचे दिवस वाढवण्यात आले.

ओक्लाहोमाच्या संघाचे ‘लव्हज फील्ड’ हे नवे क्रीडांगण मार्च २०२४ मध्ये खुले झाले. त्यासाठी सुमारे ४.८ कोटी डॉलर खर्च आला आणि त्याची क्षमता सुमारे ४,२०० प्रेक्षकांची आहे. यातील मोठा वाटा खासगी देणगीतून आला. कायद्याने दार उघडले. परंतु अशा दर्जाचे क्रीडांगण उभे राहण्यासाठी विजय, प्रेक्षक आणि देणगीदार यांची साखळी जुळावी लागली. ज्या विद्यापीठांना ही साखळी जुळवता येत नाही, तेथील मुलींच्या सुविधा आजही साधारण आहेत.

बदलते अर्थकारण

२०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या व्यावसायिक वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये पिचर निजारी कॅनडी स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेक विद्यापीठात गेली, तेव्हा तिला एका वर्षासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक रकमेचा करार मिळाला. सॉफ्टबॉलमध्ये ही रक्कम अभूतपूर्व होती. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या उपांत्य टप्प्यात, टेक्सास टेकने ओक्लाहोमाला ३–२ असे हरवून सलग पाचव्या विजेतेपदाची शक्यता संपवली. अंतिम मालिकेत टेक्सासने टेक्सास टेकचा पराभव करून आपले पहिले विजेतेपद मिळवले.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा थेट खेळाडूंना देता येऊ लागला. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. या निधीचा मोठा भाग पुरुषांच्या फुटबॉल व बास्केटबॉलकडे जाण्याचा कल आहे. समान संधीच्या कायद्याशी याचा मेळ कसा घालायचा, हा वाद त्यातून निर्माण झाला आहे. दुसरीकडे, सॉफ्टबॉल संघाला पूर्वी जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या विभागून द्याव्या लागत. आता तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत २५ जणींच्या संपूर्ण संघाला शिष्यवृत्ती देणे शक्य आहे. एकाच निर्णयाने काही मुलींना अधिक मिळेल आणि पैसा नसलेल्या विद्यापीठांतील संघ मागे पडतील, असे हे चित्र आहे.

सलग चार विजेतेपदे मिळवणाऱ्या टियारे जेनिंग्ज, जेडा कोलमन, किन्झी हॅन्सन आदी खेळाडू २०२४ नंतर संघातून बाहेर पडल्या. ओक्लाहोमाने त्याच वर्षी साउथईस्टर्न कॉन्फरन्स या अधिक चुरशीच्या गटात प्रवेश केला. बहुतांश नव्या खेळाडूंसह २०२५ मध्ये संघाने या गटातील साखळी स्पर्धा पहिल्याच वर्षी जिंकली. गॅसो यांचे यश केवळ एका असामान्य पिढीवर अवलंबून होते, या मताला या निकालाने काही अंशी उत्तर दिले.

तुलना आणि वारसा

आठ विजेतेपदांच्या संख्येत गॅसो यांची बरोबरी माइक कँड्रिया यांच्याशी होते. १९८६ ते २०२१ या काळात ॲरिझोनाचे प्रशिक्षक असलेल्या कँड्रिया यांनी १९९१ ते २००७ दरम्यान आठ विजेतेपदे मिळवली आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाला सुवर्णपदक मिळवून दिले. मिशिगनच्या कॅरल हचिन्स यांनी एकच राष्ट्रीय विजेतेपद (२००५) मिळवले. परंतु निवृत्तीच्या वेळी, २०२२ मध्ये, सर्वाधिक विजय त्यांच्या नावावर होते. विजेतेपदांची संख्या, विजयांची संख्या आणि खेळावरील प्रभाव हे तीन निकष वेगवेगळी उत्तरे देतात. सलग विजेतेपदांच्या निकषावर मात्र गॅसो यांची कामगिरी एकमेव आहे.

त्यांच्या वारशाचा भौगोलिक पैलूही महत्त्वाचा आहे. पश्चिम किनाऱ्याबाहेरील विद्यापीठ या खेळाचे केंद्र होऊ शकते, हे ओक्लाहोमाने सिद्ध केले. सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिक स्पर्धांत आणि टोकियो २०२० मध्ये खेळला गेला व पॅरिस २०२४ मधून वगळला गेला. २०२८ मध्ये तो पुन्हा समाविष्ट होत आहे. यजमान शहर लॉस एंजेलिस असले तरी सॉफ्टबॉलचे सामने तेथून सुमारे दोन हजार किलोमीटरवरील ओक्लाहोमा सिटीच्या डेव्हन पार्कवर होणार आहेत. विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज याच क्रीडांगणावर होते. महाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धेचे क्रीडांगण ऑलिंपिकसाठी उपयोगी पडत आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल हा शालेय क्रीडा स्पर्धांतील मान्यताप्राप्त खेळ आहे. मुले व मुली या दोन्ही गटांत जिल्हा, विभाग व राज्य या क्रमाने त्याच्या स्पर्धा होतात. महाविद्यालयीन पातळीवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. विदर्भातील वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. येथील महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचा समावेश आहे आणि येथील अर्थव्यवस्था मुख्यतः सोयाबीन, तूर व कापूस या पिकांवर अवलंबून आहे.

अशा जिल्ह्यातील विद्यार्थिनीसाठी खेळाचे आकर्षण बहुधा दोन तरतुदींशी निगडित असते. दहावी व बारावीच्या परीक्षेत मिळणारे क्रीडागुण ही पहिली तरतूद होय. शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण ही दुसरी. या तरतुदींमुळे शेतकरी कुटुंबातील मुलीला मैदानावर पाठवण्यास घरातून संमती मिळणे सोपे होते, हा त्यांचा वास्तव लाभ आहे. त्यांची मर्यादाही याच ठिकाणी आहे. लाभ प्रमाणपत्राशी जोडलेला असल्याने आवश्यक पातळीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर खेळत राहण्याचे कारण उरत नाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली असून, नोकरीसाठी अशा प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते.

दुसरा फरक प्रशिक्षकाच्या भूमिकेत आहे. ओक्लाहोमात एका खेळासाठी मुख्य प्रशिक्षक, पिचिंगचा व फलंदाजीचा स्वतंत्र सहायक अशी रचना आहे. महाराष्ट्रातील सर्वसाधारण महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद असते. त्या व्यक्तीवर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलपासून मैदानी खेळांपर्यंत सर्वांची जबाबदारी असते. खालून चेंडू फेकण्याचे तंत्र वर्षानुवर्षांच्या सरावाने साध्य होते. स्पर्धेपूर्वीच्या काही दिवसांच्या शिबिरात ते शिकवता येत नाही. त्यामुळे एखाद्या शाळेत वा महाविद्यालयात या खेळाची आवड असलेले शिक्षक असतील तोवर संघ चमकतो आणि त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की तो मागे पडतो.

विदर्भात क्रीडासंस्थेच्या सातत्याचे उदाहरण नाही असे नाही. १९१४ मध्ये अमरावतीत सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालवून या मंडळाने अनेक पिढ्यांतील क्रीडाशिक्षक घडवले. हे सातत्य व्यक्तीपेक्षा संस्थेत रुजलेले आहे.

गॅसो यांची कारकीर्द आणि विदर्भातील परिस्थिती यांची थेट तुलना करता येत नाही. दोन्हींमधील निधी, कायदे आणि प्रेक्षकवर्ग यांत फार मोठे अंतर आहे. तथापि, नॉर्मनमधील सार्वजनिक उद्यानातील मैदान आणि वाशिममधील शाळेचे पटांगण यांतील अंतर तितके मोठे नाही. ओक्लाहोमात पहिले विजेतेपद येण्यापूर्वी प्रशिक्षकाला पाच हंगाम मिळाले आणि दुसरे येईपर्यंत आणखी तेरा वर्षे. तेवढा काळ तेच पद, तीच व्यक्ती आणि तोच खेळ कायम राखला गेला. वाशिमसारख्या जिल्ह्यात मुलींचा एखादा संघ दहा-पंधरा वर्षे एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली टिकवण्याची व्यवस्था अद्याप शासन, विद्यापीठ किंवा संस्थाचालक यांपैकी कोणाच्याही नेमक्या जबाबदारीत बसवलेली नाही.